तूट दाखवायला मनाई

४ फेब्रुवारी २०२० रोजी मुंबई महापालिकेचे तत्कालीन आयुक्त प्रवीण परदेशी यांनी स्थायी समितीपुढे ३३,४४१ कोटी २ लाख रुपयांचा अर्थसंकल्प ठेवला. तो शिलकी होता. शिल्लक किती? ६ कोटी ५२ लाख. देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेच्या वर्षभराच्या उलाढालीत ही रक्कम इतकी किरकोळ आहे की एखाद्या प्रभागातल्या रस्त्याचे काम थोडे वाढले तरी ती पुसली जावी. तरीही दर फेब्रुवारीत हा शिलकीचा आकडा काढला जातो, कारण तो काढावाच लागतो. महापालिकेला तुटीचा अर्थसंकल्प मांडता येत नाही. केंद्र सरकार तूट दाखवते, ती भरायला रोखे काढते, आणि त्या तुटीवर संसदेपासून टीव्हीपर्यंत चर्चा झडते. राज्य सरकारलाही एका मर्यादेपर्यंत तशी मोकळीक आहे. शहराला आणि गावाला नाही. त्यांच्या हिशेबाचा शेवट शिलकीतच व्हायला हवा, असे कायदाच सांगतो.

त्या अर्थसंकल्पानंतर सातच आठवड्यांनी कोविडच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी लागली.

शहराच्या तिजोरीत पैसा येतो कुठून आणि जातो कुठे, हे शांततेच्या वर्षी कुणी फारसे विचारत नाही. अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत गोलाकार आलेख छापून येतो, रुपयाचे तुकडे दाखवतो, आणि विषय संपतो. आर्थिक धक्का बसला की त्या तुकड्यांतला फरक कळतो. काही तुकडे पहिल्याच महिन्यात गळतात, काही सहा महिन्यांनी, आणि एखादा जागचा हलतही नाही. २०२०-२१मध्ये मुंबईच्या महसुली उत्पन्नाचा अंदाज होता सुमारे २८,४४८ कोटींचा. वर्ष संपत आले तेव्हा तो सुधारून २२,५७२ कोटींवर आणावा लागला. म्हणजे ५,८७६ कोटींचा खड्डा. पण हा खड्डा सगळीकडे सारखा पडला नव्हता. मालमत्ता कराचा अंदाज ६,७६८ कोटींवरून ४,५०० कोटींवर आला. बांधकाम परवानग्यांतून मिळणारे अधिमूल्य आणि शुल्क, म्हणजे विकास नियोजन खात्याची जमा, ३,८७९ कोटींवरून १,२०० कोटींवर. या दोनच रकान्यांनी मिळून जवळजवळ पाच हजार कोटी खाल्ले.

बांधकामाचा रकाना आधी पडणार हे उघड होते. विकासक अधिमूल्य भरतो ते पुढे फ्लॅट विकले जातील या भरवशावर. तो भरवसा गेला की परवानगीची फाईल पुढे सरकवण्याची त्यालाच घाई राहत नाही. मालमत्ता कराचे तसे नसते. घर जागेवर असते, मालक कुठे पळून जात नाही, कर आज नाही तर उद्या येतो. म्हणूनच जगभरची अनेक शहरे या कराला आपला कणा मानतात. मग तो एवढा का घसरला? एक तर त्या वर्षी कराची देयके निघायलाच उशीर झाला. दुसरे म्हणजे भांडवली मूल्यावर आधारलेल्या करात दर पाच वर्षांनी सुधारणा करायची असा कायदा आहे, आणि ती पाळी नेमकी २०२०मध्ये आली होती. साथीत करवाढ कोण करणार? सुधारणा पुढे ढकलली. तेवढे समजण्यासारखे होते. पण साथ सरली, दुकाने उघडली, घरांच्या किमती चढल्या, आणि सुधारणा वर्षामागून वर्षे पुढेच जात राहिली. संकटात दिलेली सवलत संकटाबरोबर संपत नाही, हा पालिकांच्या हिशेबातला जुनाच अनुभव आहे. त्यातच १ जानेवारी २०२२ रोजी पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर पूर्ण माफ झाल्याची घोषणा झाली. तिचा लाभ मुंबईतल्या सोळा लाखांहून अधिक कुटुंबांना होणार होता. ही माफी योग्य की अयोग्य, यावर दोन मते असू शकतात. पण महापालिकेच्या हातात जो सर्वांत भरवशाचा स्वतःचा कर उरला होता, त्यालाच एका बाजूने कात्री आणि दुसऱ्या बाजूने स्थगिती लागली, हे मात्र नोंदवायला हवे.

‘उरला होता’ असे म्हणायचे कारण जकात.

२०१७पर्यंत मुंबईच्या वेशीवर पाच जकात नाके होते: दहिसर, मुलुंडला दोन, ऐरोली आणि मानखुर्द. ट्रकांच्या रांगा, पावत्या, चिरीमिरी, दलाल, सगळे काही तिथे होते. जकात हा कर वाईटच होता, याबद्दल अर्थतज्ज्ञांत फारसा वाद नव्हता. माल अडवून, वेळ वाया घालवून, भ्रष्टाचाराला उघडे दार ठेवून तो गोळा होई. चेंबूरच्या तेल शुद्धीकरण कारखान्यांत येणाऱ्या कच्च्या तेलावरची जकात हा त्यातला मोठा भाग. पण एक गोष्ट जकातीच्या बाजूने होती. तो पैसा त्याच दिवशी हातात येई आणि त्यासाठी कुणाच्या दारात जावे लागत नसे. धंदा वाढला, महागाई वाढली, की जकात आपसूक वाढे.

महाराष्ट्रातल्या बाकीच्या शहरांकडून ही सोय आधीच गेली होती. नगरपालिकांची जकात १९९९मध्येच बंद झाली आणि तिच्या जागी सरकारी अनुदान आले. महापालिकांत २०१०पासून टप्प्याटप्प्याने स्थानिक संस्था कर, म्हणजे व्यापाऱ्यांच्या तोंडी रुळलेला एलबीटी, लागू झाला. २०१३मध्ये तो पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर, ठाणे अशा मोठ्या शहरांत पोचला तेव्हा व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली. नाका नको, व्यापाऱ्याने आपल्या खरेदीचा हिशेब स्वतः द्यावा आणि कर भरावा, अशी ती कल्पना. कागदावर ती जकातीपेक्षा चांगली होती. पण वसुलीसाठी लागणारी माणसे आणि यंत्रणा पालिकांकडे नव्हती आणि व्यापाऱ्यांना आणखी एक निरीक्षक दारात नको होता. शेवटी १ ऑगस्ट २०१५पासून पन्नास कोटींपेक्षा कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांचा एलबीटी रद्द झाला, आणि १ जुलै २०१७ला वस्तू व सेवा कर आल्यावर उरलेलाही गेला. पुण्यासारख्या शहराने जेमतेम पाच वर्षांत जकात, एलबीटी, अर्धा एलबीटी आणि नुकसानभरपाई अशा चार व्यवस्था पाहिल्या. मंदी, साथ, पूर यांना आपण आर्थिक धक्का म्हणतो. कररचनेतला बदल हाही पालिकेच्या दृष्टीने तसलाच धक्का असतो. फरक एवढाच की त्याची तारीख आधी जाहीर होते.

मुंबईत एलबीटी कधी आलाच नाही. तिथे ३० जून २०१७च्या मध्यरात्री जकात थेट संपली. त्याच आठवड्यात तत्कालीन अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार महापालिकेच्या मुख्यालयात आले आणि ६४७ कोटी ३४ लाखांचा पहिला धनादेश देऊन गेले. राज्याने यासाठी स्वतंत्र कायदा केला होता. २०१६-१७चे उत्पन्न पाया धरायचे, त्यावर दरवर्षी आठ टक्के चक्रवाढ द्यायची, आणि रक्कम दर महिन्याला पोचवायची. हे सूत्र इतके काटेकोर आहे की अर्थसंकल्पाची पुस्तिका नसली तरी आकडा काढता येतो. २०२०-२१साठी सुमारे ९,७९९ कोटी. त्याला १.०८ने गुणा, २०२१-२२चे सुमारे १०,५८३ कोटी येतात. असेच एकूण पाच वेळा गुणले की २०२५-२६चे सुमारे १४,३९८ कोटी. पालिकेच्या अंदाजपत्रकांत छापलेले आकडे हेच आहेत.

आता एप्रिल २०२०मध्ये जकात चालू असती तर काय झाले असते, याची कल्पना करा. नाक्यांवर ट्रक नाहीत, कारखाने बंद, विमानतळ बंद. वर्षाला काही हजार कोटी देणारा झरा महिनाभरात आटला असता, आणि तोही रुग्णालये भरत असताना. त्याऐवजी महसुली अंदाजाचा साधारण तिसरा हिस्सा असलेली भरपाईची रक्कम ठरलेल्या सूत्राने येत राहिली. मुंबईचा तोल त्या वर्षी राहिला त्याचे एक मोठे कारण हे. स्वायत्तता गमावल्याबद्दल जकातीसाठी गळा काढणाऱ्यांनी ही दुसरी बाजू विसरू नये.

पण या भरवशाची दोरी मंत्रालयात आहे. राज्याची स्वतःची भरपाई केंद्राकडून येत होती, चौदा टक्के वाढीच्या हमीने, आणि तीही फक्त जून २०२२पर्यंत. २०२०मध्ये केंद्राच्या उपकर निधीत पैसाच उरला नाही, तेव्हा राज्यांना तो कर्जाच्या वाटेने देण्याची वेळ आली. महाराष्ट्र सरकारने ४ मे २०२० रोजी विकासकामांवरचा खर्च ३३ टक्क्यांवर आणला, आरोग्य वगळता नवी कामे आणि नोकरभरती थांबवली. त्याआधी मार्चचे वेतनही दोन टप्प्यांत दिले. अशा वेळी राज्याने शहरांची भरपाई थकवली असती, तर शहराने कुणाकडे पाहायचे होते? ती थकली नाही, कारण कायदा होता, आणि मुंबईचा हप्ता चुकवणे राजकीयदृष्ट्या कोणत्याच सरकारला परवडणारे नव्हते. लहान महापालिकांचे वजन तेवढे नसते. तिथे भरपाईचा हप्ता आला की पगार होतात, आणि तो दहा दिवस लांबला की पगारही दहा दिवस लांबतात.

धक्का नेहमी तिजोरी रिकामीच करतो असेही नाही. ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या, आणि काही दिवसांतच राज्यभरच्या पालिकांबाहेर रांगा लागल्या. कर भरायला! जुन्या नोटा मालमत्ता कर आणि पाणीपट्टीसाठी चालतील अशी मुभा मिळाली होती, आणि मालमत्ता करापुरती ती वाढत वाढत २४ नोव्हेंबरपर्यंत गेली. वर्षानुवर्षे नोटिशींना दाद न देणारे थकबाकीदार स्वतःहून आले, काहींनी पुढचाही कर आगाऊ भरू दिला तर बरे म्हणून विचारणा केली. पालिकांनी सुटीच्या दिवशी आणि रात्री उशिरापर्यंत खिडक्या उघड्या ठेवल्या. वसुली विभागाला इतका सुखाचा महिना क्वचितच लाभला असेल. यात पालिकेची कर्तबगारी शून्य होती. लोकांना नोटा खपवायच्या होत्या, पालिकेचा कर हा त्यातल्या त्यात सभ्य मार्ग होता.

साथीच्या वर्षी तसा मार्ग शोधावा लागला. पुणे महापालिकेत थकलेल्या मालमत्ता करावर दरमहा दोन टक्के शास्ती लागते. काही वर्षांत मूळ करापेक्षा शास्तीच मोठी होते आणि मग माणूस भरायचा विचारच सोडतो. २०२०च्या ऑक्टोबरपासून पुण्याने अभय योजना आणली आणि पन्नास लाखांपर्यंतच्या थकबाकीवरची ऐंशी टक्के शास्ती माफ केली. पैसे आले. प्रामाणिकपणे वेळेत भरणाऱ्यांनी कपाळावर आठ्या घातल्या, त्याही रास्तच. अभय योजना वारंवार येऊ लागल्या की हुशार थकबाकीदार पुढच्या योजनेची वाट पाहतो. रोकड हवी असते तेव्हा शिस्तीला किंमत मोजावी लागते, आणि पालिकेला ते पूर्ण ठाऊक असते.

मुंबईने मोजलेली किंमत वेगळ्या जातीची होती, आणि तिची गोष्ट मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत बोलकी वाटते. जानेवारी २०२१मध्ये राज्य मंत्रिमंडळाने, दीपक पारेख समितीच्या शिफारशीवरून, बांधकामाच्या अधिमूल्यात पन्नास टक्के सवलत दिली. मुदत ३१ डिसेंबर २०२१पर्यंत, आणि अट अशी की सवलत घेणाऱ्या विकासकाने ग्राहकाचे मुद्रांक शुल्क स्वतः भरावे. त्याआधीच सप्टेंबर २०२०पासून मुद्रांक शुल्क पाचवरून दोन टक्क्यांवर आणले होते. महापालिकेने सावधपणे २०२१-२२साठी विकास नियोजन खात्याकडून २,००० कोटींची अपेक्षा धरली. वर्षअखेर सुधारित आकडा छापला गेला १४,७५० कोटी! दर निम्मा आणि जमा सातपट. विकासकांनी त्या वर्षीच्या इमारतींसाठीच नव्हे, तर पुढे बांधायच्या मजल्यांसाठीही चटईक्षेत्र स्वस्तात घेऊन ठेवले.

ही रक्कम पाहून ज्यांनी अर्थव्यवस्था सावरल्याचे निदान केले, त्यांनी मुदतीची तारीख पाहिली नसावी. हा पुढच्या हंगामाचा ऊस आधीच तोडून कारखान्याला घालण्याचा प्रकार होता. अधिमूल्य एका मजल्यावर एकदाच मिळते. त्या मजल्यावर राहायला आलेल्या माणसांना पाणी, मलनिस्सारण, कचरागाडी मात्र दरवर्षी पुरवावी लागते. तरीही त्या वेळी आयुक्तांच्या खुर्चीत बसून कुणी वेगळे केले असते का, याची शंकाच आहे. खड्डा समोर होता, दुसरा कोणता कर वाढवायची मुभा नव्हती, आणि सवलतीचा निर्णय तर मंत्रालयातून आला होता.

जमेची बाजू एवढी नाट्यमय, खर्चाची बाजू मात्र कंटाळवाणी, आणि खरी कळ तिथेच आहे. पगार थांबवता येत नाहीत, निवृत्तिवेतन थांबवता येत नाही, पाण्याचे पंप आणि रुग्णालये चालवावीच लागतात. मग उरतात भांडवली कामे आणि ठेकेदारांची देयके. काम झालेले असते, मोजमाप पुस्तिकेत नोंद झालेली असते, देयक लेखा विभागात पोचलेले असते, आणि तिथे ते बसून राहते. मार्चअखेर पैसे दिले नाहीत म्हणजे त्या वर्षीचा खर्च झालाच नाही! ताळेबंद शिलकीचाच राहतो. ही न दिलेली रक्कम पुढच्या वर्षी ‘दायित्व’ या नावाने उभी राहते. साथीनंतर ठाण्यासारख्या, एरवी सुस्थितीतल्या मानल्या जाणाऱ्या महापालिकेचे दायित्व हजारो कोटींत गेले. तूट दाखवायला मनाई आहे म्हणून ती नाहीशी होत नाही. ती ठेकेदाराच्या बँक खात्यात जाऊन बसते, तिथून त्याच्या वाळू-खडीवाल्याच्या उधारीत, आणि अखेर पुढच्या निविदेच्या दरात, कारण पैसे उशिरा मिळणार हे धरूनच तो दर भरतो.

न्यूयॉर्कचे १९७५ सालचे आर्थिक संकट जगभर अभ्यासले गेले, कारण तिथली तूट उघड्यावर होती. त्या शहराने रोजचा खर्च भागवायला वर्षानुवर्षे अल्पमुदतीची कर्जे काढली होती. बँकांनी हात आखडला आणि शहर कोसळायच्या बेतात आले. मग राज्याने रोखे काढणारे महामंडळ नेमले, शहराच्या हिशेबावर नियंत्रण मंडळ बसवले, आणि १७ ऑक्टोबर १९७५ला शिक्षकांच्या निवृत्ती निधीने पंधरा कोटी डॉलरचे रोखे घेतले तेव्हा त्या दिवसाची नादारी टळली. पुढच्या वर्षी तिथल्या सार्वजनिक विद्यापीठातले मोफत शिक्षण संपले. आपल्याकडे असे घडत नाही, कारण पालिकेला पगारासाठी बाजारातून कर्ज मिळतच नाही. ती कर्ज काढते ते प्रकल्पांसाठी. पुण्याने जून २०१७मध्ये चोवीस तास पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटींचे रोखे ७.५९ टक्के व्याजाने विकले. त्याचे मोठे कौतुक झाले. पुढे निविदाच रद्द झाल्या आणि तो पैसा काही काळ मुदत ठेवीत पडून राहिला. व्याज मात्र चालू.

आणि मुंबईच्या ठेवी? हा प्रश्न येणारच. २०२२च्या सुमारास त्या नव्वद हजार कोटींच्या वर होत्या. एवढा पैसा असताना रडगाणे कशाला, असे विरोधकांनीही विचारले आणि सत्ताधाऱ्यांनीही, आपापल्या पाळीने. या ठेवींचा एक भाग कर्मचाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीचा, निवृत्तिवेतनाचा आणि ठेकेदारांच्या अनामत रकमांचा असतो. त्याला हात लावता येत नाही. उरलेला प्रकल्पांसाठी राखलेला. खड्डा पडला की पालिका त्यातून ‘अंतर्गत तात्पुरते कर्ज’ घेते, म्हणजे स्वतःच्याच एका निधीतून दुसऱ्यात. महसूल ५,८७६ कोटींनी खाली आल्यानंतरही २०२१-२२चा अर्थसंकल्प आधीच्या वर्षापेक्षा १६.७४ टक्क्यांनी मोठा, ३९,०३८ कोटींचा झाला, यामागे हे राखीव बळ होते. सागरी किनारा रस्त्यासारखी कामे थांबली नाहीत. माझ्या मते तो निर्णय बरोबर होता, मंदीत काम काढणारा कुणीतरी हवाच असतो. पण नंतर बाजार सुधारला तरी ठेवी घटत गेल्या. २०२५पर्यंत त्या ऐंशी हजार कोटींच्या आसपास आल्या, आणि हाती घेतलेल्या प्रकल्पांची देणी दोन लाख कोटींच्या पलीकडे गेली.

ग्रामपंचायतीला यातले काहीच नसते. ठेवी नाहीत, अधिमूल्य नाही, रोखे नाहीत. घरपट्टी, पाणीपट्टी, आणि वित्त आयोगाचा निधी. त्या निधीचा मोठा हिस्सा बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचा. टाळेबंदीत गावाकडे परतलेल्या माणसांचे विलगीकरण शाळेत करायचे, फवारणी करायची, आणि घरपट्टी मागायला कुणाच्या दारात जायचे नाही, असे ते वर्ष गेले. २०२१मध्ये महावितरणने थकबाकीपोटी गावोगावच्या पथदिव्यांची वीज तोडायला सुरुवात केली. ही बिले पूर्वी सरकारी अनुदानातून भागत. आता ती पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून भरा, असा आदेश निघाला. सरपंचांनी विरोध केला, निवेदने दिली, काही ठिकाणी आंदोलनेही झाली. त्यांचे म्हणणे सरळ होते. तो निधी गटार, पाण्याची टाकी, अंगणवाडीची दुरुस्ती अशा कामांसाठी ग्रामसभेच्या आराखड्यात आधीच वाटून झालेला असतो. त्यातून वीजबिल भरले, की त्यातले एखादे काम पुढच्या वर्षाच्या यादीत जाते. ग्रामपंचायतीच्या वार्षिक हिशेबात याची वेगळी नोंद होत नाही. तिथेही वर्षअखेर शिल्लकच दिसते.